ब्लूज : निळ्या भुतांचं गाणं

अठराव्या शतकातल्या इंग्रजीत खिन्नतेला ‘ब्लू डेव्हिल्स’, म्हणजे निळी भुतं, म्हणत. नाटककार जॉर्ज कोलमनचं १७९८ चं एक प्रहसन याच नावाचं आहे. पुढे भुतं गळाली, निळाई उरली. गुलामगिरी संपल्यानंतर अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याला ‘ब्लूज’ हा शब्द चिकटला. शेतातल्या आरोळ्यांवर पोसलेलं हे गाणं : एक ओळ, तीच पुन्हा, तिसरीत तिला उत्तर. संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांचं ‘मेम्फिस ब्लूज’ १९१२ साली छापलं गेलं, गायिका मॅमी स्मिथच्या ‘क्रेझी ब्लूज’मुळे १९२० मध्ये रेकॉर्ड कंपन्यांना कृष्णवर्णीय गिऱ्हाईक दिसलं (तोवर दिसत नव्हतं, हे नवलच!). नावावरून याला रडगाणं मात्र समजू नका. त्यात चावटपणा भरपूर आहे, आणि शनिवारी रात्री लोक त्यावर नाचत.