स्तूपाचा अंड ते दीक्षाभूमीचा घुमट : भरीव आणि पोकळ यांतला फरक

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात तथागतांच्या मूर्तीची स्थापना केली. ती मूर्ती त्यांनी रंगूनहून आणली होती. दरवर्षी त्या तारखेला या धम्मभूमीवर हजारो बांधव येतात. देहू, चिखली, चाकण पट्ट्यातल्या वस्त्यांमध्येही आज विहार उभे राहत आहेत आणि जवळपास प्रत्येक कमिटीला वर घुमट हवा असतो. म्हणूनच घुमट म्हणजे काय, तो कसा उभा राहतो, हे कार्यकर्त्यांना माहीत असायला हवे.

स्तूप भरीव, घुमट पोकळ

स्तूपाच्या अर्धगोलाला अंड म्हणतात. खाली मेधी, वर हर्मिका आणि छत्र. सांचीचा मुख्य स्तूप मूळ अशोककालीन विटांचा. पुढे त्यावर दगडाचे आवरण चढले. त्याचा व्यास सुमारे ३६ मीटर आहे, पण आत जागा नाही. तो भरीव आहे. माणसाने आत जायचे नसते, भोवती प्रदक्षिणा करायची असते.

आपल्या पुणे जिल्ह्यात भाजे लेण्यांत १४ स्तूपांचा समूह आहे, तोही असाच भरीव. जुन्नरच्या तुळजा लेण्यांत मात्र एक वेगळे चैत्यगृह दिसते. ते गोल आहे : मध्ये स्तूप, भोवती १२ खांब आणि स्तूपावर अर्धगोल छत. पण हे छत बांधलेले नाही, कातळात कोरलेले आहे. ते डोंगराचाच भाग असल्याने त्याला पडण्याची भीती नाही. बांधलेल्या घुमटाचे तसे नसते.

भार कुठे जातो?

अर्धगोल घुमटाचे वजन वरून खाली उतरताना कडांना बाहेर ढकलते. वरचा भाग दाबला जातो, खालचा भाग मात्र ताणला जातो. दगड, वीट आणि चुना दाब सहन करतात, ताण नाही. त्यामुळे भेगा खालच्या भागात उभ्या पडतात. जगातल्या सगळ्या मोठ्या घुमटांची कथा या ताणाला दिलेल्या उत्तरांची आहे.

रोमच्या पँथिऑनचा घुमट (इ.स. दुसरे शतक, व्यास ४३.३ मीटर) खाली जाड आणि वर पातळ आहे. वरच्या काँक्रीटमध्ये हलका ज्वालामुखी दगड वापरला आणि माथा उघडाच ठेवला. फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात दुहेरी कवचाचा घुमट उभारला, तोही जमिनीपासून पूर्ण लाकडी साचा न लावता. विजापूरच्या गोलघुमटात (१६५६, बाहेरून व्यास सुमारे ४४ मीटर) एकमेकींना छेदणाऱ्या कमानी चौकोनी खोलीवर गोल बैठक तयार करतात आणि बाहेरचा रेटा आत अडवतात.

आपले दोन घुमट

दीक्षाभूमीचा स्तूप स्थापत्यविशारद शिवदान मल यांनी रचला. काम १९७८ मध्ये सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. उंची आणि व्यास प्रत्येकी सुमारे १२० फूट. बाहेरून सांचीची आठवण, पण आतून पोकळ. जिथे लाखो लोकांनी धम्म स्वीकारला, तिथे लोकांना आत येऊन बसता यावे, हा बदल मला अर्थपूर्ण वाटतो.

गोराईचा विपश्यना पॅगोडा २००९ मध्ये खुला झाला. एकमेकांत अडकणाऱ्या दगडांचा, मध्ये एकही खांब नसलेला हा घुमट सुमारे ८५ मीटर व्यासाचा आहे. आत ८००० साधक बसू शकतात.

प्रश्न आपला आहे

१ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळाच्या खोदकामाविरुद्ध आंदोलन झाले आणि सरकारने कामाला स्थगिती दिली. स्तूपाला धोका पोहोचेल, ही लोकांची भीती होती. ती भावनिक म्हणून उडवून लावणाऱ्यांनी लक्षात घ्यावे : घुमटाचा सगळा भार शेवटी पायावर येतो. पायाजवळची माती हलवण्याआधी तांत्रिक तपासणी मागणे, हा शहाणपणाच आहे.

हाच शहाणपणा आपण स्वतःच्या विहारालाही लावतो का? मी काम करते त्या एका वस्तीत वर्गणीचा मोठा भाग घुमटावर गेला आणि अभ्यासिकेचा मजला राहून गेला. नकाशा ठेकेदाराच्या डोक्यात होता, कागदावर नव्हता. पहिल्याच पावसाळ्यात घुमटाच्या कडेने पाणी झिरपले.

म्हणून कमिटीच्या बैठकीत चार गोष्टी विचारा. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सहीनिशी नकाशा आहे का? घुमटाच्या तळाशी ताण घेणारा सळईचा गोल बीम आहे का? तो बीम खालच्या कॉलमवर नीट टेकतो का? आणि घुमटानंतर पुस्तकांसाठी किती पैसे उरतात?

घुमट जरूर बांधावा. त्याच्याखाली बसून शिकणारी मुले असतील, तर तो स्तूपाचा वारसा. नाहीतर नुसते छप्पर.

जय भीम, नमो बुद्धाय.