रानांतील लग्न आणि लग्नाचें ऋण

मोजक्या आप्तांसह, रानाच्या सान्निध्यांत लग्न करावें, अशी हौस आज शहरांतील कांहीं तरुणांना वाटते. वसईच्या पूर्वेस, कामणदुर्गाच्या डोंगराजवळ कामण गांव आहे. तेथून उत्तरेस तलासरीपर्यंतच्या वारल्यांना ही रीत नवी नाहीं. अंगणांत फांद्यांचा मांडव उभा राही. सुवासिनी घरांतील भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहीत व त्यांत पालघट देवीला स्थान देत. लग्न लावी ती धवलेरी, म्हणजे गाणीं गाणारी स्त्री-पुरोहित.

रान एवढें सर्व देई. परंतु जेवण, ताडी आणि लुगडीं यांस पैसा लागेच. तो जमीनदाराकडून घेतला, कीं नवरा-नवरी दोघेंही त्याच्या घरीं राबूं लागत. अशांस ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज फिटतां फिटत नसे.

म्हणून कित्येक जोडपीं विधीवांचूनच एकत्र नांदत आणि पैसा जमल्यावर लग्न लावीत. कधीं बाप व मुलगा एकाच मांडवांत बोहल्यावर चढत. परक्यांस यांत स्वैराचार दिसे; पण विधि लांबणीवर टाकणें म्हणजे गुलामगिरी टाळणें, हें त्या जोडप्यांना ठाऊक होतें.

१९४५ सालीं किसान सभेच्या झेंड्याखालीं, शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वानें वारली उठले. वेठीबरोबर लग्नगड्याची चालही मोडली. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकांत गोदावरीबाईंनी ही हकीकत लिहिली आहे. साधेपणानें लग्न करूं पाहणाऱ्या तरुणांनीं ती अवश्य वाचावी.