घशात घास अडकला तर पहिल्या चार मिनिटांत काय करायचं?

जेवताना ठसका लागणं ही रोजचीच गोष्ट. पाण्याचा घोट घेतला, थोडं खोकलं की बरं वाटतं. पण घास, शेंगदाणा किंवा सुपारीचं खांड अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेच्या तोंडाशी बसलं आणि हवेची वाट पूर्ण बंद झाली, तर तो ठसका राहत नाही. अशा वेळी चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. गावात रुग्णवाहिका तेवढ्या वेळात क्वचितच पोहोचते. म्हणून माणूस वाचतो तो शेजारी बसलेल्याच्या हातून.

आधी ओळखा : ठसका की श्वास बंद?

"घशात काही अडकलंय का? बोलता येतंय का?" असं विचारा.

• माणूस बोलतोय, जोरात खोकतोय : हवा आत-बाहेर होते आहे. त्याला खोकू द्या. खोकला हाच सगळ्यात चांगला उपाय. पाठीत मारू नका, पाणी पाजू नका. फक्त जवळ थांबा.

• आवाज फुटत नाही, खोकला नुसता हवेविना, हात गळ्याशी, ओठ निळसर : श्वास बंद आहे. लगेच कामाला लागा.

लक्षात ठेवायची आणखी एक गोष्ट. पंगतीत किंवा चारचौघांत असं झालं की माणूस संकोचून उठतो आणि मोरीकडे किंवा परसात जातो. तिथे तो एकटा कोसळू शकतो. असा कोणी उठला तर मागोमाग जा.

मोठी माणसं आणि एक वर्षावरची मुलं

१. दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगा. तुम्ही एकटेच असाल तर फोन स्पीकरवर ठेवून काम सुरू करा.

२. माणसाच्या बाजूला, थोडं मागे उभे राहा. एका हाताने छातीला आधार देऊन त्याला कमरेतून चांगलं पुढे वाकवा. दुसऱ्या हाताच्या तळव्याच्या मनगटाजवळच्या भागाने दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध जोरात पाच थापा मारा. ताठ उभं किंवा बसलेलं असताना मारू नका. वाकवलं म्हणजे सुटलेला तुकडा तोंडाकडे येतो. प्रत्येक थापेनंतर तुकडा सुटला का ते बघा.

३. सुटला नाही तर मागे उभे राहून दोन्ही हातांनी कंबरेला विळखा घाला. एका हाताची मूठ बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या टोकाच्या खाली ठेवा. दुसऱ्या हाताने ती पकडा आणि आत व वर असा झटका द्या. असे पाच झटके.

४. पुन्हा पाच थापा, पुन्हा पाच झटके. तुकडा निघेपर्यंत किंवा माणूस बेशुद्ध होईपर्यंत थांबू नका.

लहान मूल असेल तर गुडघ्यावर बसून हेच करा, जोर त्याच्या अंगाच्या मानाने लावा. गरोदर बाई किंवा विळख्यात न मावणारा स्थूल माणूस असेल तर पोटाऐवजी छातीच्या मधोमध दाब द्या.

पोटावरच्या झटक्यांची ही पद्धत अमेरिकन शल्यविशारद डॉ. हेन्री हाइमलिक यांनी १९७४ मध्ये मांडली. पोट दाबलं की छाती आणि पोटामधला पडदा वर सरकतो, फुप्फुसातली हवा जोरात बाहेर येते आणि तुकड्याला ढकलते. यात आतल्या अवयवांना मार बसू शकतो. म्हणून तुकडा निघाला, माणूस हसू-बोलू लागला तरी डॉक्टरांकडे नेऊन तपासून घ्या. आणि सरावासाठी खऱ्या माणसाच्या पोटावर झटके देऊ नका.

एक वर्षाखालचं तान्हं बाळ

बाळाच्या पोटावर झटके कधीही द्यायचे नाहीत. बाळाला आपल्या हातावर पालथं घ्या, हात मांडीवर टेकवा, डोकं अंगापेक्षा खाली ठेवा आणि जबड्याला आधार द्या. गळा दाबला जाणार नाही याकडे लक्ष ठेवा. पाठीवर मधोमध पाच थापा मारा. मग उताणं करून, डोकं खालीच ठेवून, छातीच्या मधोमध स्तनांच्या रेषेच्या किंचित खाली पाच वेळा दाबा. हे आळीपाळीने चालू ठेवा.

माणूस बेशुद्ध पडला तर

हळूच जमिनीवर उताणं झोपवा. १०८ लावला नसेल तर आता लावा. छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाबायला सुरुवात करा. मोठ्या माणसात दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल हवा. दर ३० दाबांनंतर तोंडात बघा, तुकडा दिसला तर काढा. शिकलेलं असेल तर तोंडाने दोन श्वास द्या, नसेल तर छाती दाबतच राहा.

हे करू नका

• तुकडा दिसत नसताना तोंडात बोट घालू नका. तो आणखी आत जातो.
• "वर बघ" म्हणत मान मागे करू नका, टाळूवर थापटत बसू नका.
• श्वास बंद असताना पाणी, केळं किंवा भाताचा गोळा देऊ नका.

माशाचा काटा टोचला असेल तर गोष्ट वेगळी. दुखतं, पण श्वास आणि आवाज चालू असतो. तिथे थापा-झटके नकोत आणि कोरडा भात गिळणंही नको, काटा खोल रुततो. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

सीमेवर फोन करताना

महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, तेलंगणा, गुजरात, मध्य प्रदेश या सर्व राज्यांत रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२ चालतो. मात्र सीमेवरच्या गावात मोबाइल शेजारच्या राज्याचा टॉवर पकडू शकतो. म्हणून गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य चारही सांगा. पलीकडच्याला मराठी कळत नसेल तर एवढं पुरे :

• कन्नड : गंटलल्लि सिक्किकोंडिदे, उसिराडलु आगुत्तिल्ल.
• तेलुगू : गोंतुलो इरुक्कुंदि, ऊपिरि आडटं लेदु.
• गुजराती : गळामां अटक्युं छे, श्वास नथी लेवातो.
• हिंदी : गले में अटक गया है, साँस नहीं आ रही.

वेळ येऊच नये म्हणून

चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, कूट करून द्या. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करा. चिंचोके, नाणी, फुटलेले फुगे हाताशी ठेवू नका. खेळता-पळताना खायला देऊ नका. दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना भाकरी कुस्करून आणि मटण बारीक करून द्या, घाई करू नका. मुलाला खाताना अचानक ठसका लागला, मग बरं वाटलं, पण नंतर खोकला किंवा छातीत घरघर हटत नसेल, तर दाणा श्वासनलिकेत राहिलेला असू शकतो. डॉक्टरांना तो ठसका आवर्जून सांगा.

वाचून कळतं, हात मात्र सरावानेच बसतो. इंडियन रेड क्रॉस आणि सेंट जॉन अँब्युलन्स प्रथमोपचाराचे वर्ग घेतात. घरातल्या एकाने तरी ते करून यावेत, आणि जेवायला बसताना ज्याला हे जमतं तो कोण, हे सगळ्यांना ठाऊक असावं.