मलकाचे उंट

दिल्ली-जयपूर महामार्गावर मानेसरला उतरा. कारखान्यांची शिफ्ट सुटली आहे, पांढऱ्या बसगाड्या रांगेत उभ्या आहेत. त्यांच्याकडे पाठ करा आणि जवळची अरवलीची टेकडी चढायला लागा. पायाखालचा दगड गारेसारखा कठीण आहे, घासला तर ठिणगी पडेल असा. दोन्ही बाजूंनी वेडी बाभूळ अंगावर येते.

ही बाभूळ इंग्रजी अमदानीत आली. ती आधी नजरेआड करा. मग महामार्ग पुसा, मग दिवे. आता तिच्या जागी धौ उभा राहतो, आपल्या धावड्याचा भाऊबंद. त्याच्या फांद्या इतक्या खाली झुकल्या आहेत की वाकूनच पुढे जावं लागतं. अशा रानात लपणं किती सोपं असतं. 

जानेवारी 1260. धुकं इतकं दाट की स्वतःचा हात दिसत नाही. दिल्लीच्या तख्तावर नासिरुद्दीन महमूद आहे, पण हुकूम चालतो उलुघ खानाचा. हाच पुढे बल्बन नावाने सुलतान होणार आहे. दरबारची फारसी या मुलखाला ‘कोहपाया’ म्हणते, म्हणजे डोंगराचा पायथा. इथल्या मेवाती माणसांसाठी तिच्याकडे एकच शब्द आहे, चोर.

घळीत उतरताना आधी वास येतो, ओल्या लोकरीचा आणि चघळलेल्या पाल्याचा. मग हात लागतो तो एका उंटाच्या मानेला. त्याचा पुढचा पाय दुमडून दोरीने बांधला आहे. तो तुमच्याकडे बघतो, जबडा आडवा फिरवतो आणि पुन्हा रवंथ करत राहतो. हे जनावर इथलं नाही. पश्चिमेला जिथे वाळू सुरू होते, त्या बाजूच्या हांसीचं आहे. तिथून उलुघ खानाच्या माणसांचे उंट इथल्या मेवाती टोळ्यांचा म्होरक्या मलका याने हाकून आणले, तेही फौज निघायच्या बेतात असताना. सामान वाहायला जनावरं नाहीत, म्हणजे फौज तेव्हा जागेवरच बसली. मग ते उंट त्याने रणथंभोरपर्यंतच्या लोकांत वाटून टाकले.

मलका साधू नव्हता. त्याच्या टोळ्या हरियाणा, शिवालिक, बयाना या भागांतली गावं लुटत. त्या गावांतही कुणाचा तरी एकुलता बैल गेला असेल, ते विसरून चालणार नाही. पण हे सगळं आपल्याला सांगतो तो मिन्हाज-ए-सिराज, दिल्लीचा काझी. उलुघ खान हा त्याचा आश्रयदाता, आणि मलकाच्या बाजूने मिन्हाजच्या पोथीत कुणीच बोलत नाही. आपल्याकडे उमाजी नाईक 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात फाशी गेले. इंग्रजांच्या दफ्तरात ते दरोडेखोरच होते. पण त्यांचं नाव जपणारी माणसं इथे होती, म्हणून आज आपण त्यांना आद्यक्रांतिकारक म्हणतो. मला मलकाबद्दल वाईट वाटतं ते इथे.

वर बघा. कड्यावर वस्ती आहे, एकावर एक रचलेल्या दगडांच्या भिंती. म्हातारी शेकोटी राखेने झाकते आहे, धूर दिसायला नको म्हणून. धुक्यामुळे सगळे निर्धास्त आहेत.

तेवढ्यात दगड थरथरतात. उलुघ खानाच्या फौजेने एका दमात जवळपास 50 कोस तोडले आहेत आणि ती इतक्यात येईल असं कुणाच्या मनातही नव्हतं. पुढचे 20 दिवस घळीमागून घळ झाडून निघते. भावही ठरला आहे. कापून आणलेल्या डोक्याला चांदीचा एक टंका, जिवंत माणसाला दोन. एक टंका कमावणारा शिपाई तुमच्या शेजारून जातो, हातातली पिशवी अंगापासून लांब धरून. मलका सापडतो, बायकामुलांसकट.

मार्चमध्ये हौज राणीच्या मैदानावर तुम्ही गर्दीत उभे आहात. आज त्या नावाची वस्ती मालवीयनगरला लागून आहे. कोहपायातून आणलेल्यांपैकी काहींना हत्तीच्या पायी दिलं जातं, काहींचे तलवारीने तुकडे होतात. शंभरेक माणसांची कातडी सोलून, त्यात पेंढा भरून शहराच्या वेशींवर टांगली जाते. हुलागूच्या मंगोलांनी बगदाद बुडवून अवघी दोन वर्षं झाली आहेत, आणि त्याच हुलागूचे वकील या वसंतात दिल्लीला येतात. त्यांच्या स्वागताला उलुघ खान घोडदळ आणि पायदळाच्या रांगाच रांगा उभ्या करतो. मिन्हाज हे सगळं आनंदाने लिहितो.

तुम्ही मात्र लगेच परतू नका. आणखी सहा वर्षं पुढे या, 1266 मध्ये. मलका गेला, वस्त्या जळल्या, पण रान तसंच उभं आहे. बल्बन आता सुलतान झाला आहे आणि पहिल्या वर्षीच त्याला पुन्हा याच मेवात्यांवर निघायचं आहे. या वेळी तो रानच तोडायला काढणार, गोपालगीरचा किल्ला बांधणार, अफगाण ठाणी बसवणार. ते व्हायला अजून थोडा अवकाश आहे.

आज तुम्ही दिल्लीच्या पश्चिम वेशीबाहेर हौजावर आहात. ऊन अजून चांगलं तापलेलं आहे. दुपारच्या नमाजाची बांग होते आणि पाणी भरणाऱ्या बायका अर्धवट भरलेले घडे उचलून पळत सुटतात. भिस्ती पखालीचं तोंड आवळतो. मेवाती तळ्यापर्यंत येऊन कपडेसुद्धा उतरवून नेतात, म्हणून ही घाई. तुम्ही मागे वळून डोंगराकडे बघत राहता, आणि पाठीमागे वेशीचा आडसर पडल्याचा आवाज येतो.