कमोड : सोयीच्या खुर्चीची गोष्ट

आज ज्या शब्दाबद्दल बोलणार आहे, तो आपण चारचौघांत दबक्या आवाजात घेतो. कमोड. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं की डॉक्टर सांगतात, “पलंगापाशी कमोडची खुर्ची ठेवा,” आणि घरातले एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

शब्द आला फ्रेंच भाषेतून. त्याचं मूळ लॅटिनमध्ये, आणि तिथे अर्थ आहे मापात बसणारं, सोयीचं. घाणीचा त्यात मागमूस नाही. सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडातल्या बड्या घरच्या बायका तारेच्या सांगाड्यावर लेस लावलेली उंच टोपी घालत, तिलाही कमोडच म्हणत. म्हणजे हा शब्द आधी डोक्यावर मिरवला बघा! मग १७००च्या सुमारास फ्रान्समध्ये खणांच्या बुटक्या कपाटाला हे नाव मिळालं. चौदाव्या लुई राजाच्या महालासाठी बूल नावाच्या कारागिरानं १७०८-०९मध्ये अशी दोन कपाटं घडवली. पुढे रात्रीचं भांडं ज्यात झाकून ठेवायचं त्या कपाटाला आणि खुर्चीला इंग्रजांनी तेच नाव दिलं.

त्याआधी तिथे ‘क्लोज स्टूल’ म्हणत, म्हणजे झाकणाचं स्टूल. आठव्या हेन्री राजाच्या या बैठकीची व्यवस्था बघायला खास सरदार असे. हे काम हलकं नव्हतं, उलट मानाचं, कारण राजाच्या इतक्या जवळ दुसरं कोण जाणार? त्यातला एक, हेन्री नॉरिस. राणी ॲन बोलीनच्या प्रकरणात १५३६ साली त्याचं डोकं उडवलं. दवाखान्यात “स्टूल तपासून आणा” म्हणतात ना, ते त्याच बैठकीवरून.

आपण तरी काय वेगळं केलं? ‘परसाकडे’, ‘बहिर्दिशेला’ म्हणताना आपण जागेचं नाव घेतो, कामाचं नाही. ‘शौच’ म्हणजे तर शुद्धता!

आपल्याकडे साहेबाच्या बंगल्यात कमोड म्हणजे लाकडी पेटी आणि आत भांडं. ना नळ, ना गटार. मागच्या दारानं सफाई कामगार यायचा आणि ते भांडं उचलून न्यायचा. सोय एकाची, ओझं दुसऱ्याच्या हातात, आणि तेही जातीनं ठरवलेलं. हातानं मैला उचलायला लावण्याविरुद्ध कायदा झाला १९९३ साली, आणि अधिक कडक कायदा २०१३ साली. घरातल्या आजारी माणसाचं भांडं मात्र बहुतेक सून नाहीतर लेकच उचलते, आणि त्या कामाला कुणी मान देत नाही.

दुसऱ्या बाजूनं त्या आजीचं बघा. सुनेला किती वेळा हाक मारायची म्हणून ती पाणीच कमी पिते. मग मलावरोध, लघवीला जळजळ. रात्री अंधारात एकटी उठते आणि पुन्हा पडते.

खुर्ची पलंगाइतक्याच उंचीची घ्या. दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे हवेत आणि चारही पायांना रबरी बूच. भांड्यात आधी थोडं पाणी घालून ठेवा, म्हणजे धुवायला सोपं जातं. दुकानात ‘कमोडची खुर्ची’ असं स्पष्ट मागा, नुसतं कमोड म्हटलंत तर तो फरशीत बसवायचं चिनी मातीचं भांडं पुढे करील.