मातीचीं नांवें

शास्त्राचा ग्रंथ एका भाषेंतून दुसरींत नेणें हें कोश व व्याकरण यांचें काम आहे, अशी पुष्कळांची समजूत दिसते. आमच्या मतें तें त्याहून जोखमीचें आहे. कारण परिभाषेंतील एक शब्द चुकला, तर वाक्य निर्दोष राहूनही ज्ञान खोटें ठरतें. मृत्तिकाशास्त्राच्या इतिहासांत याचीं उदाहरणें विपुल आहेत, आणि नांदेडजवळील विष्णुपुरीच्या काळ्या शिवाराशीं त्यांचा संबंध वाचकांस वाटेल त्याहून जवळचा आहे.

माती म्हणजे केवळ झिजलेला खडक नव्हे. खडक, हवामान, जीवसृष्टि, भूमीचा उंचसखलपणा आणि काळ यांनीं घडविलेली ती एक स्वतंत्र वस्तु आहे, हा विचार रशियन पंडित वासिली डोकुचायेव्ह यानें पुढें आणिला. त्याचा ‘रशियन चेर्नोझेम’ हा ग्रंथ १८८३ सालीं निघाला. नव्या शास्त्रास लागणारे शब्द त्यानें व त्याच्या शिष्यांनीं बहुतांशीं शेतकऱ्यांच्या तोंडून उचलिले. चेर्नोझेम म्हणजे काळी माती. पोडझोल या शब्दांत राख आहे. सोलोन्चाक म्हणजे आपली खारवट जमीन आणि सोलोनेत्स म्हणजे आपली चोपण.

हें शास्त्र इंग्रजींत पोंचलें तें मुख्यतः जर्मनच्या वाटेनें. ग्लिंका याचा ग्रंथ १९१४ सालीं जर्मन भाषेंत प्रसिद्ध झाला, व अमेरिकन मार्बट यानें त्यावरून १९२७ सालीं इंग्रजी भाषांतर केलें. त्यानें चेर्नोझेमला ‘काळी माती’ न म्हणतां मूळ नांवच कायम ठेविलें, हें योग्यच झालें. रशियाच्या गवताळ मैदानांतील माती काळी दिसते ती कुजलेल्या गवताच्या विपुल अंशामुळें. गोदाकांठची काळी बेसाल्ट खडकापासून झालेली असून तिच्यांत सेंद्रिय अंश थोडाच असतो. ती पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते आणि भेगांत पडलेली वरची माती खालीं जाऊन स्वतःच उलटते. दोन्ही काळ्या, पण जात निराळी. आपल्या काळीस इंग्रजींत प्रथम तेलुगूवरून ‘रेगूर’ हें नांव मिळालें. पुढें १९६० सालच्या अमेरिकन वर्गीकरणानें लॅटिनमधील ‘उलटणें’ या अर्थाच्या धातूवरून तिच्या वर्गास ‘व्हर्टिसॉल’ म्हटलें.

डोळ्यांस दिसणाऱ्या मातीस लोकांनीं नांव दिलें. न दिसणाऱ्या जंतूंस कोण देणार? तेथें अनुवादकाची कसोटी अधिक कठीण झाली. क्रासिल्निकोव्ह याचा मातींतील सूक्ष्मजंतु व वनस्पति यांवरील रशियन ग्रंथ १९५८ सालीं मॉस्कोस निघाला व १९६१ सालीं इंग्रजींत आला. रशियन भाषेंत अॅक्टिनोमायसीट वर्गास ‘किरण-बुरशी’ अशा अर्थाचें नांव आहे. तें शब्दशः उतरविलें तर वाचक त्या जीवांस बुरशी समजेल. वास्तविक ते जिवाणु आहेत. स्ट्रेप्टोमायसिन हें औषध १९४३ सालीं याच वर्गांतून मिळालें. तशीच गोष्ट हरभऱ्याच्या मुळांवर गांठी आणणाऱ्या जिवाणूंची. रशियन शब्दांत ‘लहान कंद’ आहे. परंतु ती गांठ कंद नव्हे, हें ज्यानें हरभरा उपटून पाहिला आहे त्यास सांगावयास नको.

मातीच्या दूषणाबद्दल रशियन भाषा ‘झाग्र्याझ्नेनिये’ हा एकच शब्द योजिते. त्याच्या मुळाशीं चिखल व घाण आहे. इंग्रजी शास्त्रांत मात्र परका पदार्थ मातींत नुसता मिसळणें हें ‘कंटॅमिनेशन’ आणि त्यापासून प्रत्यक्ष अपाय होणें हें ‘पोल्युशन’ असा भेद करितात. कोणता शब्द घ्यावा हें अनुवादकास कोश सांगत नाहीं. प्रयोगाचे आंकडेच सांगतात. आपण दोहोंस ‘प्रदूषण’ म्हणून मोकळे होतों, आणि तेथेंच भय व सावधगिरी यांतील अंतर पुसलें जातें.

मराठवाड्यास भाषांतराचा हा प्रश्न नवा नाहीं. नांदेड १९४८ पर्यंत निजामी राजवटींत होतें, आणि उस्मानिया विद्यापीठासाठीं १९१७ सालीं हैदराबादेस स्थापिलेल्या भाषांतरसंस्थेनें पाश्चात्य शास्त्रें उर्दूंत आणिलीं. तो उद्योग मोठा होता. परंतु ज्याच्या शेतांत माती होती त्या मराठी कुणब्याच्या बोलीस त्यांत स्थान नव्हतें.

आज विष्णुपुरीस १९९४ पासून विद्यापीठ आहे, आणि गोदावरीचें पाणी उपसून काळ्या रानांत नेणारी योजनाही आहे. काळींत निचऱ्यावांचून पाणी दिलें कीं क्षार वर येतात. मृदापरीक्षणाच्या पत्रिकेवर ‘सामू ८.५ च्या वर’ एवढें छापून येतें. त्याचा अर्थ ‘जमीन चोपण होऊं लागली’ असा असूं शकतो, हें शेजारीं लिहिलें तर शेतकरी वेळींच चर खणील व जिप्समचा सल्ला विचारील. डोकुचायेव्हनें शेतकऱ्याचा शब्द शास्त्रांत नेला. आपणांस तोच शब्द शास्त्रांतून शेतकऱ्याकडे परत न्यावयाचा आहे. आणि ज्या जंतूंस त्याच्यापाशीं शब्दच नाहीं, तेवढ्यांसाठींच नवे घडवावयाचे आहेत.