वाघाआधी गवत

यवतमाळला दोन दिवस फिरायचं म्हटलं की मित्र एकच नाव सांगतात: टिपेश्वर. तिथे वाघ दिसतो. मी मात्र मॅपवर पहिली पिन पुसदला टाकली.

कारण साधं आहे. १९३० मध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. विदर्भाला समुद्र नाही, मग इथे कोणता कायदा मोडायचा? जंगलाचा! राखीव जंगलात परवानगीशिवाय गवत कापणं गुन्हा होता आणि शेतकऱ्याच्या दावणीला तर गुरं. त्या जुलैत वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे सत्याग्रही घेऊन पुसदच्या जंगलात गेले, गवत कापलं आणि अटक करवून घेतली.

जंगल कोणाचं, हा तेव्हाचा प्रश्न अजून मिटलेला नाही. २०१८ मध्ये याच जिल्ह्यात टी-१ वाघीण मारली गेली. १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. त्यांत गुरं चारायला गेलेलेही होते.

टिपेश्वरला जा, वाघ बघा. पण आधी पुसद करा. मग जिप्सीतून दिसणारं गवत फोटोतलं नुसतं बॅकग्राउंड राहत नाही.